चार दिवस रडायचं नाही

बुधवार

आमच्या लिफ्ट कंपनीच्या देखभालीच्या वह्यांतली एक उरली होती, ती घरी आणली. प्रत्येक पानावर रकाने छापलेले आहेत: तारीख, इमारत, तक्रार, केलेलं काम, शेरा. लिफ्टला एवढं पुरतं. घरासाठी रकाने ओलांडूनच लिहावं लागणार. कल्पना अक्काची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते. गेले अकरा महिने माझ्या दोन्ही मुली शाळा सुटल्यापासून मी कामावरून येईपर्यंत तिच्याकडेच असतात, त्यामुळे तिचा शब्द मोडायची माझी काय टाप. ती म्हणाली, तू कुणाशी धड बोलत नाहीस, निदान लिहीत तरी जा. कपड्यांचं मशीन लावलं की पन्नास मिनिटं मोकळी मिळतात. तेवढ्यात होईल ते खरं.

शुक्रवारी सकाळी ही, म्हणजे माझी बायको, येणार आहे. हिच्या औषध कंपनीने बसने नऊ तासांवर नवा कारखाना काढला आणि तिथला पॅकिंगचा विभाग उभा करायला हिला एका वर्षासाठी पाठवलं. वर्ष पुढच्या महिन्यात संपतं. आता तिथले साहेब म्हणतात, आणखी दोन वर्षं थांबा, अख्खा विभाग तुमच्या हाताखाली देतो. सोमवारी बाराच्या आत होय की नाही ते कळवायचं आहे. आमच्याकडे चार दिवसांची जोडून सुट्टी आहे, तिच्या कारखान्याला नाही. हिने आपल्या रजा साठवून ठेवल्या होत्या. फोनवर म्हणाली, घरी आल्यावर ठरवू. मी म्हटलं, तुला वाटेल ते कर, माझी आडकाठी नाही. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. रेंज गेली असावी.

वहीत लिहायला हरकत नाही: मला ती परत यायला हवी आहे. मी थकलो आहे. सकाळी साडेपाचला उठतो तेव्हा थकलेलाच उठतो. दोन डबे, दोन दप्तरं, धाकटीचा एक मोजा सापडत नाही, तो शोधा. पण हे तिला सांगणार नाही, आणि त्याला कारण आहे.

आठ वर्षांपूर्वी हिला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला जायची संधी आली होती. मी नको म्हटलं नव्हतं. तरी ती गेली नाही. पुढे कधीतरी कशावरून तरी आमचं वाजलं तेव्हा ती म्हणाली, "तू सरळ नको म्हणाला असतास तर भांडले तरी असते. तू नुसता तोंड पाडून घरभर हिंडत होतास." ते वाक्य मला लागलं. मी त्याच दिवशी ठरवलं की यापुढे हिच्यासमोर तोंड पाडायचं नाही. माणूस चुकतो, पण एकच चूक दोनदा करू नये.

गुरुवार

पाठ गेली. पण काम झालं.

वर्षातून एकदा लिफ्ट तपासायला सरकारी निरीक्षक येतो. त्याच्या आदल्या दिवशी मी आणि मामा खड्डा साफ करतो, रुळांना ग्रीस लावतो, दाराचे झिजलेले रोलर बदलतो, आत नवा दिवा घालतो. मामा माझा जोडीदार, वयाने मोठा म्हणून अख्खी कंपनी त्याला मामा म्हणते. निरीक्षक येतो, दोनदा वरखाली करतो, कुठे आवाज नाही, हिसका नाही, सही करून निघून जातो. आज मी घराचं तेच केलं. पडदे धुतले. गॅलरीतलं भंगार काढलं. स्वयंपाकघरातले डबे एका ओळीत लावून त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. ठिबकणाऱ्या नळाला वॉशर घातला. फ्रिजवर चार दिवसांचा तक्ता लावला: किती वाजता काय, कोणी काय करायचं. त्यात हिच्या नावापुढे सगळीकडे "आराम" लिहिलं आहे.

मुलींना केस कापायला नेलं. थोरलीची, म्हणजे ताईची, वेणी मागच्या महिन्यातच गेली. रोज सकाळची वीस मिनिटं त्यात जायची आणि भांग काही सरळ यायचा नाही. आज कडा सारख्या करून आणल्या. ताई अकरा वर्षांची आहे. धाकटी सहाची. धाकटीचा आवाज तीन मजले ऐकू जातो म्हणून तिला भोंगा म्हणतात, आणि आता ती स्वतःचं नावही तेच सांगते.

संध्याकाळी दोघींना समोर बसवून नियम सांगितले. चार दिवस रडायचं नाही. भांडायचं नाही. "आई, तू कधी येणार" हे विचारायचं नाही. तिला वाईट वाटेल असं काही बोलायचं नाही. आईला मोकळ्या मनाने ठरवू द्यायचं. ताईने मान डोलावली. तिला एकदा सांगितलं की पुरतं. भोंग्याने विचारलं, आनंदाने रडलं तर चालेल का. थोडा विचार केला आणि म्हटलं, तेही नको, लांबून सारखंच दिसतं.

अक्का डबा द्यायला आली होती, तिने हे ऐकलं. जाताना दारात म्हणाली, "अरे, त्यांची आई येतेय, परीक्षा घ्यायला कोणी येत नाहीये." अक्काला मोठी वाक्यं बोलायची हौस आहे. मी पडदे टांगत होतो, वाद घातला नाही.

शुक्रवार

आली. सातची बस पावणेआठला आली. भोंग्याने सगळ्या स्टँडला कळवलं. ताईने हसून पाणी पुढे केलं, तक्त्यात लिहिलं होतं तसं.

सामान मात्र भलतंच. मोठी बॅग, वर आणखी एक पिशवी, छोटा कुकर, आणि जाताना इथून नेलेली तिची उशी सुतळीने बांधून आणलेली. मी म्हटलं, चार दिवसांसाठी एवढं? म्हणाली, तिथलं कपाट लहान आहे. एवढी मोठी कंपनी, आणि माणसाला धड कपाट देता येत नाही. बॅग माळ्यावर टाकायला निघालो तर म्हणाली, राहू दे खालीच, बघू. म्हणून पलंगाखाली सरकवली. येता-जाता पायाला लागत होती.

तिने घर फिरून पाहिलं. डबे पाहिले, चिठ्ठ्या वाचल्या. चहा करायला गेली आणि गाळणं कुठे म्हणून तीन खण उघडले. मी म्हटलं, वरच्या खणात, डावीकडे, आता सगळं हाताशी ठेवलंय. "छान केलंस," म्हणाली. मग मीच चहा केला. दुपारी भांडी घासायला उभी राहिली, तर ती घासलेली होती. तिने त्यातलीच दोन पातेली पुन्हा घासली. मी तिला बाजूला केलं आणि म्हटलं, तू फक्त बस. बसली. टीव्ही लावून दिला.

संध्याकाळी कंगवा घेऊन खुर्चीत बसली आणि सवयीने ताईला हाक मारली. ताई येऊन पुढ्यात बसली. हिचा हात मानेमागे गेला आणि तिथेच थांबला. केस कापल्याचं सांगायचं राहून गेलं होतं, आणि फोनवर बोलताना ताई कॅमेरा नेहमी छताकडे करून ठेवते. मी घाईघाईने सांगितलं की सकाळची वीस मिनिटं वाचतात. ताईही म्हणाली, "हो आई, खूप सोपं पडतं." ही म्हणाली, शोभतात तुला. तरी त्या आखूड केसांतून कंगवा बराच वेळ फिरवत राहिली.

जेवताना ती तिकडचं सांगायला लागली. खोलीत एकटीसाठी स्वयंपाक करवत नाही, रात्री कधी नुसतं दूध पिऊन झोपते. मला दिसलं की ती उदास व्हायला लागली आहे, तेव्हा मी लगेच विषय बदलला आणि उद्याच्या नावेचं काढलं. मुलींनीही साथ दिली. दिवस चांगला गेला. माझे पाय सुजले आहेत.

शनिवार

ठरल्याप्रमाणे सगळे तळ्यावर. पायाने चालवायच्या नावेत एक फेरी झाली. दुसरी व्हायच्या आत मामाचा फोन. सुट्टीची पाळी त्याने माझ्यासाठी घेतली होती, म्हणून नाही म्हणता येईना. तळ्यापासून दहा मिनिटांवर एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलेली, आत एक बाई. अशा वेळी वर मशीन रूममध्ये एकाने ब्रेक सोडून धरायचा आणि दुसऱ्याने हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणायची. एकट्याचं काम नाही. हिला म्हटलं, अर्ध्या तासात येतो. गेलो तो दीड तास गेला.

ब्रेकचा दांडा गंजून बसला होता. मामा त्याच्याशी झटत असताना मी खाली येऊन दाराशी बाईंशी बोलत होतो. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात: आतल्या माणसाला खरा वेळ सांगायचा नाही. आवाज थंड ठेवायचा, "झालंच, दोन मिनिटं" म्हणायचं, आणि त्यांना बोलतं ठेवायचं. माणूस घाबरला की आतून दार ओढतो आणि स्वतःचा हात मोडून घेतो. वीस वर्षांत मी बाहेर काढलेला एकही माणूस घाबरलेला नव्हता, याचा मला अभिमान आहे.

बाहेर आल्या त्या एक निवृत्त शिक्षिका, हातात भाजीची पिशवी. पाणी दिलं, ते प्यायल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पाच वेळा दोन मिनिटं म्हणालात. चाळीस लागली. आधीच चाळीस सांगितली असती तर मी खाली तरी बसले असते. माझे गुडघे दुखतात." आणि निघून गेल्या, जिन्याने. लोकांचं भलं करावं आणि वर बोलणी खावीत. मामा हसत होता. त्याला हसायला काय जातंय, दाराशी मी उभा होतो.

परत गेलो तेव्हा भोंगा बदकांना ओरडून नावं ठेवत होती आणि ही ताईबरोबर बाकावर बसली होती. हिचे डोळे लाल. तळ्यावर वारा फार, धूळ जाते. डोळे धुवायला पाणी आणून दिलं.

आता कपड्यांचं मशीन दुसऱ्यांदा लावलंय. मघाशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना हिने सांगितलं. बाकावर बसलेल्या असताना हिने ताईला विचारलं होतं, मी नसले की कसं वाटतं गं? ताई म्हणाली, मला आता सवय झालीय आई, तू नसलीस तरी चालतं.

अकराव्या वर्षी एवढी समज. मला भरून आलं. मी म्हटलं, बघ, किती शहाणी झालीय आपली पोर. ही "हो" म्हणाली. तिच्या हातात एकच टॉवेल होता, त्याची तिने तीनदा घडी घातली. प्रवासाचा शीण अजून गेलेला दिसत नाही. तक्त्यात उद्या दुपारचा आराम वाढवला आहे.

रविवार

लिहायला अंगात त्राण नाही. थोडक्यात.

सकाळी ताईचा शाळेचा प्रकल्प, पुठ्ठा आणि गोंद. हिने कात्री घेतली तर ताई म्हणाली, "राहू दे, बाबा आणि मी करतो, आम्हाला माहितीये." खरं तर बाबाला काही माहीत नाही, बाबा फक्त गोंद धरतो. पण उत्तर छान दिलं.

दुपारी शाळेचे बूट. दुकानदाराने ताईचा नंबर विचारला. ही पटकन म्हणाली तो नंबर गेल्या वर्षीचा निघाला. दुकानदाराने पायाकडे बघून मान हलवली. ही बूट हातात धरून तशीच बसून राहिली. मी तिची अडचण ओळखली आणि फोन काढून दाखवला. सगळं लिहून ठेवलंय: दोघींचे बुटांचे नंबर, गणवेशाची मापं, लसींच्या तारखा, कुणाला कशाने पुरळ उठतं. तिने ती यादी शेवटपर्यंत वाचली. "मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस," म्हणाली. मी म्हटलं, तुला कशाला उगाच ताप.

घरी परतताना भोंग्याने रस्त्यात हिचा हात दोन्ही हातांनी धरला आणि सोडेना. भाजीवाल्याकडे, औषधाच्या दुकानात, जिन्यातही नाही. ताईने तिला कोपर मारलं तेव्हा सोडला. नियमांत हात धरण्याचं काही नव्हतं, पण ताई फार कडक आहे.

संध्याकाळी मुली अक्काकडे गेल्या होत्या. गॅलरीत ही म्हणाली, "खरं सांग, मी नसताना जड जातं का?"

मी आज पाचला उठलो होतो. उजवा खांदा वर होत नाही. आणि मागच्या मंगळवारी एका मशीन रूममध्ये बसल्या बसल्या मला झोप लागली आणि मामाने हलवून उठवलं, हे आमच्या धंद्यात चालत नाही. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं. पण तिने ते ऐकलं असतं तर ती माझ्या खांद्यासाठी परत आली असती, आणि मग आयुष्यभर तेच. मी म्हटलं, "अजिबात नाही. आता सगळं बसलंय. तू बिनघोर राहा."

ती खाली रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हा तिघांचं खरंच छान चाललंय." मला वाटलं, बरं झालं, पटलं एकदाचं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

सोमवार

पावणेबारा वाजता ही ओट्याशी फोन घेऊन उभी होती. मी भाजी चिरत होतो, मुली बाहेरच्या खोलीत. तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"शेवटचं विचारते," म्हणाली. "तुला काय वाटतं? मुलींना नाही, कंपनीला नाही. तुला."

मी सुरी खाली ठेवली. समोर ती, आणि मला सारखं ते आठ वर्षांपूर्वीचं वाक्य ऐकू येत होतं. तोंड पडू नये म्हणून मी गालात हवा धरल्यासारखा उभा होतो, आणि मग हसलो. म्हटलं, "तू सुखात असलीस की मला बस्स."

तिने माझ्याकडे पाहिलं. कुकरची एक शिट्टी झाली. "बरं," म्हणाली. दोन ओळी टाइप केल्या, पाठवल्या, फोन ओट्यावर पालथा घातला आणि विचारलं, "अजून काही करायचं राहिलंय का?" मी म्हटलं, नाही, तू पानावर बस.

म्हणजे होय कळवलं. दोन वर्षं. मी तिचं अभिनंदन केलं. हातही मिळवला, ऑफिसात मिळवतात तसा. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, आणि मी तिच्याशी हात मिळवला.

दोनला बस. तिने पलंगाखालची बॅग स्वतःच ओढून काढली, कुकर पिशवीत घातला, उशी पुन्हा सुतळीने बांधली. त्या बॅगेची एक चेन चार दिवसांत उघडलीच नव्हती, हे मला तेव्हा दिसलं. स्टँडवर भोंग्याने बस वळेपर्यंत हात हलवला, न ओरडता. ताई सबंध वेळ हसत होती. खिडकीतून हीसुद्धा हसत होती. कोणी रडलं नाही. मी ठरवलं होतं तसंच सगळं पार पडलं.

सहाच्या सुमाराला न्हाणीघरात नळ चालू राहिलेला ऐकला. दार ठोठावलं. ताई आत जमिनीवर बसली होती, उलटी केली होती आणि नळ सोडून धुवायला बघत होती. कपाळ गार होतं. तोंड पुसलं, पाणी दिलं. काय खाल्लंस विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मी आईला खोटं सांगितलं."

"काय?"

"सवय झाली म्हणून. मला नाही झाली सवय."

मी विचारलं, मग असं का सांगितलंस. ती माझ्याकडे बघायला लागली, मला एवढंही कसं कळत नाही अशी. "तू म्हणालास ना, तिला वाईट वाटेल असं बोलायचं नाही. मी रात्री सगळी वाक्यं तयार केली होती. त्यातलं हे सगळ्यात चांगलं होतं."

मग तिने विचारलं, आई माझ्यामुळे दोन वर्षं थांबणार का. मी म्हटलं, नाही गं, मुळीच नाही, होईल सगळं नीट. माझा आवाज अगदी थंड आणि ठीक होता, अडकलेल्या लिफ्टच्या दाराबाहेर उभं राहून लावतो तो. तो तिने ओळखला असावा, कारण ती उठून बाहेर गेली आणि भोंग्याशेजारी जाऊन पडली. जेवली नाही.

नंतर मी न्हाणीघर धुतलं. धुताना रडू आलं, ते थांबेना. घरात कोणी बघत नव्हतं तरी मी नळ सोडला.

मंगळवार

सकाळी मुलींना शाळेत पाठवलं नाही, अक्काकडे सोडलं. अक्काला काय झालं ते सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, मी सांगत होते. तसं काही म्हणाली नाही. ताईला जवळ घेऊन बसली आणि मला म्हणाली, जा तू कामाला, आणि दुपारी बायकोला फोन कर. आणि छान चाललंय असं म्हणू नकोस.

दुपारी आम्ही एका इमारतीच्या गच्चीवर मशीन रूममध्ये होतो. मामा डबा खायला खाली गेला. मी ग्रीसचे हात पुसले आणि फोन लावला. तिच्या जेवणाची वेळ होती. तिने उचलला आणि नेहमीचं विचारलं, "सगळं ठीक?"

मी म्हटलं, "तू परत यायला हवी होतीस."

"काय?"

"मला. मला तू परत यायला हवी आहेस. मला जड जातं."

बराच वेळ ती काही बोलली नाही. रेंज होती. तिच्या मागे यंत्रं चालल्याचा आवाज येत होता, बायका एकमेकींना हाका मारत होत्या. बुधवारीही रेंज असेल, असं आता वाटतं.

"चार दिवस समोर होतास," ती म्हणाली. "दोनदा विचारलं. तेव्हा का नाही बोललास?"

"तुला तिथे बरं वाटत होतं."

"कोण म्हणालं?"

मी आठवून पाहिलं. कोणीच म्हणालं नव्हतं. ती तर कधीच नाही. मी तसं सांगितलं. वाटलं, आता ती चिडेल, आणि चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती चिडली नाही. थकलेल्या आवाजात म्हणाली की कालच नेमणुकांची यादी वर गेली, आज सकाळी नव्या बायकांसमोर साहेबांनी तिची ओळखही करून दिली, आता निदान सहा-आठ महिने तरी तिला हलता येणार नाही, आणि पुढचंही तिच्या एकटीच्या हातात नाही. मी म्हटलं, कळलं. तीही म्हणाली, हं.

मग ती म्हणाली, "मुली कशा आहेत?" रोजचाच प्रश्न. अकरा महिने मी त्याला "मजेत" हे एकच उत्तर देत आलो आहे, आणि ते आताही ओठांपर्यंत आलं.

मी म्हटलं, "ताईने काल उलटी केली. जेवली नाही. तळ्यावर तिने तुला जे सांगितलं ना, ते खोटं होतं. आणि ते मी शिकवलेलं होतं."

"थांब," ती म्हणाली.

पावलांचा आवाज आला. एक दार लागलं, त्याबरोबर यंत्रांचा आवाज मागे राहिला. खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं. ती नाक पुसत होती, आणि तिने ते लपवलं नाही.

"हं, बसले," म्हणाली. "आता सगळं सांग. पहिल्यापासून."